शाळेतील २४ जुन्या संगणकांवर नेटवर्कवरून लिनक्स आपोआप कसे बसवावे?

आपल्या प्रश्नाचा आशय मला असा समजला: गुहागर तालुक्यातील आपल्या शाळेला देणगीतून वेगवेगळ्या बनावटीचे २४ जुने संगणक मिळाले आहेत, पेनड्राइव्हने एकेकावर लिनक्स बसवताना पहिला दिवस तिसऱ्याच संगणकावर संपला, इंटरनेट म्हणजे केवळ मोबाइलचा हॉटस्पॉट आहे, आणि नेटवर्क बूट सर्व्हर उभारून हे काम आपोआप होईल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. होईल. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली आणि मंडणगड भागात पत्रे उडालेल्या शाळांचे संगणक कक्ष पुन्हा उभे करताना मी हे काम प्रथम शिकलो, आणि त्यानंतर बऱ्याच ठिकाणी केले आहे. त्यातील एका ठिकाणी माझ्या हातून एक मोठी चूक झाली, तीही पुढे सांगतो, कारण या उत्तरातील सर्वांत उपयोगाचा भाग तोच आहे.

प्रथम यंत्रणा कशी चालते ते पाहू. संगणकाच्या नेटवर्क कार्डात पीएक्सई नावाची एक छोटी सोय असते. इंटेलने तिचे २.१ आवृत्तीचे विनिर्देश १९९९ मध्ये प्रसिद्ध केले आणि आजही बहुतेक संगणक त्यावरच चालतात. संगणक सुरू होताच हे कार्ड नेटवर्कवर हाक देते, डीएचसीपी सर्व्हर त्याला पत्ता देतो आणि सोबत कोणती फाइल कोठून आणायची तेही सांगतो. ती फाइल, म्हणजे बूटलोडर, टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने येते. बूटलोडर मग लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, आणि इनिटआरडी ही सुरुवातीला लागणारी फाइल आणतो, आणि तेथून पुढे इन्स्टॉलर सुरू होतो. पूर्वी मुंबईहून येणारी आगबोट धक्क्याला लागत नसे, ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्यावर येत. टीएफटीपी हा तसा पडाव आहे. तो मूळच्या पद्धतीत एका वेळी ५१२ बाइट्स नेतो आणि पोच मिळाल्याशिवाय पुढची खेप सोडत नाही. गठ्ठ्यांचा क्रमांक १६ बिटांचा असल्याने मूळ नियमांनुसार ३२ एमबीच्या पुढची फाइल त्यातून जातच नसे. आता गठ्ठा मोठा करण्याची सोय आहे, तरी त्याच्यावर कर्नल आणि इनिटआरडी यांपेक्षा जास्त भार टाकू नये. बाकी सारे सामान एचटीटीपीने आणावे.

सर्व्हर म्हणून एखादा जुना लॅपटॉप पुरतो. त्यावर डीएनएसमास्क हा एकच लहानसा प्रोग्राम डीएचसीपी आणि टीएफटीपी ही दोन्ही कामे करतो; फाइली पुरवण्यासाठी कोणताही साधा वेब सर्व्हर चालतो, पायथॉनसोबत येणारासुद्धा. आपल्या संगणकांत संगणक सुरू करणारी जुनी बायोस प्रणाली असलेले आणि नवी यूईएफआय असलेले असे दोन्ही प्रकार निघतील, आणि दोघांना वेगवेगळा बूटलोडर लागतो. संगणक हाक देताना आपला प्रकार डीएचसीपीच्या ९३ क्रमांकाच्या पर्यायात सांगतो, त्यामुळे डीएनएसमास्कला ‘असा आला तर पीएक्सलिनक्स दे, तसा आला तर ग्रब दे’ असे दोन ओळींत सांगता येते. वायफायवरून हे काम होत नाही, प्रत्येक संगणकाला केबल लावावीच लागेल. आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत केबलच्या टोकांवरील पिना हिरवट पडतात, हे विसरू नका: पडद्यावर पीएक्सई-ई६१ असा संदेश आला, तर सर्व्हरच्या सेटिंगमध्ये डोके घालण्यापूर्वी केबलचे टोक कापून नवे बसवावे. ई५१ आले तर डीएचसीपीचे उत्तर पोहोचले नाही, ई५३ आले तर पत्ता मिळाला पण फाइलचे नाव मिळाले नाही, आणि ई३२ आले तर टीएफटीपीकडून प्रतिसाद नाही, बहुधा लॅपटॉपच्या फायरवॉलमुळे.

एवढे जमायला एक संध्याकाळ पुरते, आणि म्हणूनच बहुतेक जण येथे फसतात: नेटवर्कवरून इन्स्टॉलर सुरू झाला की काम झाले, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात इन्स्टॉलर सुरू झाल्यावर तो भाषा, कीबोर्ड, डिस्क, पासवर्ड असे प्रश्न विचारतच राहतो, आणि ते २४ पडद्यांवर विचारले जाणार असतील तर पेनड्राइव्ह काय वाईट होता? खरे काम उत्तरांच्या फाइलीचे आहे. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात तिला प्रीसीड म्हणतात, फेडोरा आणि रेड हॅटच्या कुटुंबात किकस्टार्ट, सुसेमध्ये ऑटोयास्ट, आणि उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीत २०.०४ पासून ऑटोइन्स्टॉल. उबुंटूचा मोह आवरावा असे मी सुचवीन, कारण त्याच्या नेटवर्क पद्धतीत संपूर्ण आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशनची भलीमोठी फाइल, रॅममध्ये उतरवून घेतली जाते आणि दोन जीबी रॅमचा संगणक तेथेच गुडघे टेकतो. जुन्या संगणकांसाठी डेबियन आणि एक्सएफसीई हा डेस्कटॉप बरा. मात्र एखादा संगणक ३२ बिटांचाच असेल तर लक्षात घ्या, की ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यासाठी इन्स्टॉलर नाही. तो संगणक डेबियन १२ वर ठेवावा किंवा बाजूला काढावा.

प्रीसीड फाइल कोऱ्या पानावरून लिहू नका. डेबियनच्या इन्स्टॉलेशन मार्गदर्शिकेतील बी परिशिष्टात नमुना फाइल आहे, ती घ्यावी. शिवाय एका संगणकावर हाताने सर्व उत्तरे देऊन डेबियन बसवावे आणि डेबकॉन्फ-युटिल्स या पॅकेजमधील साधनाने आपण दिलेली उत्तरे काढून घेऊन ताडून पाहावीत. ही काढलेली यादी जशीच्या तशी वापरू नये, तीत इन्स्टॉलरच्या पोटातील पुष्कळ कचरा असतो. मराठी हवी असल्यास लोकेल, म्हणजे भाषेचे सेटिंग, मराठीचे द्यावे आणि पॅकेजांच्या यादीत मराठीची टास्क पॅकेजे घालावीत, म्हणजे देवनागरी फॉन्टसाठी नंतर प्रत्येक संगणकापाशी जाऊन बसावे लागत नाही.

येथे एक गोष्ट पहिल्या दिवशी सर्वांनाच चकवते. फाइल नेटवर्कवरून येणार असल्याने नेटवर्क सुरू होईपर्यंत इन्स्टॉलरला ती दिसत नाही, आणि भाषा व कीबोर्डचे प्रश्न तर त्याआधीच येतात. फाइलीत उत्तर लिहिलेले असूनही तो विचारतो, आणि आपण फाइलीतील चूक शोधत बसतो. त्यासाठी बूट मेनूतील कर्नलच्या ओळीवरच ऑटो हा पर्याय चालू करावा, म्हणजे हे प्रश्न फाइल येईपर्यंत मागे ढकलले जातात, आणि प्रश्नांचे प्राधान्य क्रिटिकल ठेवावे, म्हणजे अत्यावश्यक तेवढेच प्रश्न येतात. संगणकाचे नावही याच कारणाने फाइलीतून न देता डीएचसीपीकडून द्यावे. डीएनएसमास्कमध्ये प्रत्येक मॅक पत्त्यासमोर, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकासमोर, नाव लिहिले की झाले. मॅक पत्त्यांची ही यादी करणे कंटाळवाणे आहे, पण ती कराच. का ते आता सांगतो.

एका शाळेत मी कक्षातील संगणकांसाठी सर्व्हर लावला आणि तो शाळेच्या मुख्य स्विचलाच, म्हणजे नेटवर्कच्या सर्व केबल जेथे एकत्र येतात त्या डब्याला, जोडला. फाइलीत डिस्क पुसण्याची परवानगी न विचारता दिलेली होती, कारण त्याशिवाय काम आपोआप होत नाही. दुपारी पाऊस सुरू झाला, वीज गेली, वीस मिनिटांनी आली. कार्यालयातील लिपिकांचा संगणक वीज येताच स्वतःहून सुरू होणारा होता आणि त्याच्या बूट क्रमात नेटवर्क पहिले होते. एरवी कोणी उत्तर देत नसल्याने तो मुकाट डिस्कवर जाई, आणि हे कोणाच्या कधी लक्षातही आले नव्हते. त्या दिवशी उत्तर देणारा माझा लॅपटॉप होता, आणि यूपीएसवर तो जिवंत होता. लिपिक चहा पिऊन परतले तेव्हा त्यांच्या पडद्यावर पॅकेजे उतरत होती. दाखल्यांची नोंदवही कागदावर होती म्हणून माझी लाज थोडीफार राहिली, पण नोंदी पुन्हा भरायला त्यांना आणि मला मिळून दोन आठवडे लागले.

तेव्हापासून मी चार गोष्टी सोडत नाही. संगणक कक्षाचा स्विच इमारतीच्या उर्वरित नेटवर्कपासून प्रत्यक्ष केबल काढून वेगळा करतो. सेटिंगवर विसंबत नाही. डीएनएसमास्कला यादीत नसलेल्या मॅक पत्त्याकडे दुर्लक्ष करण्यास सांगतो. बूट मेनूत आपोआप निवडला जाणारा पर्याय ‘स्थानिक डिस्कवरून सुरू करा’ हाच ठेवतो, आणि इन्स्टॉलेशनचा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो. २४ वेळा दोन कळा दाबणे हे काही फार मोठे कष्ट नव्हेत. आणि काम संपल्यावर संगणक पुन्हा सुरू न होता बंद व्हावा, असे प्रीसीडमध्ये लिहितो, नाहीतर मेनूत चुकून इन्स्टॉलेशनच आपोआप निवडले जात असेल, तर नेटवर्क पहिले असलेला संगणक एकदा बसवून झाल्यावर तेच पुन्हा बसवायला घेतो. बंद झालेला संगणक यादीतून खोडावा आणि पुढचा घ्यावा. डिस्कचे नाव फाइलीत ठोकून देण्याबाबतही सावध राहा: कार्ड रीडर किंवा विसरलेला पेनड्राइव्ह पहिल्या डिस्कचे नाव घेऊन बसतो, आणि एनव्हीएमई डिस्कचे नाव तर वेगळ्याच पद्धतीचे असते. संगणकात एकच डिस्क असेल तर नाव न देणेच उत्तम, इन्स्टॉलर ती स्वतः शोधतो.

आता इंटरनेटचा प्रश्न. डेस्कटॉपसह डेबियनसाठी प्रत्येक संगणकामागे साधारण दीड जीबी उतरवावे लागते असे धरले, तर २४ संगणकांचे ३६ जीबी होतात, आणि हॉटस्पॉटवर ते परवडणार नाही. लॅपटॉपवर उतरलेली पॅकेजे साठवून ठेवणारे ॲप्ट-कॅशर-एनजी बसवावे, ते ३१४२ या पोर्टवर चालते, आणि प्रीसीडमध्ये प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ, म्हणून त्याचा पत्ता द्यावा. पहिला संगणक बसताना पॅकेजे एकदाच इंटरनेटवरून येतात, नंतरच्या २३ संगणकांना ती लॅपटॉपमधूनच मिळतात. यात आणखी एक सोय आहे: लॅपटॉपने वायफायवर हॉटस्पॉट घ्यावा आणि केबलवर स्विच, म्हणजे संगणकांना थेट इंटरनेट देण्याची गरजच उरत नाही. स्विच १०० एमबीपीएसचा असेल तर लॅपटॉपमधून सेकंदाला फार तर १२ एमबी बाहेर पडतात, म्हणजे ३६ जीबीला निव्वळ वाहतुकीचीच ५० मिनिटे लागतील. एकदम २४ सुरू करून काहीच लाभ नाही. पाच-पाच घ्यावेत, वीज गेली तर नुकसानही पाचांचेच होते.

प्रॉक्सीचे एक शेपूट मात्र मागे राहते. इन्स्टॉलर तो पत्ता बसवलेल्या प्रणालीतही लिहून ठेवतो, आणि आपण लॅपटॉप घेऊन घरी गेलो की संगणक अद्ययावत होणे थांबते. मला दोन महिन्यांनी फोन आला तेव्हा हे कळले. प्रीसीडमधील शेवटच्या आज्ञेत ती ओळ पुसून टाकावी.

देणगीच्या संगणकांत मदरबोर्डवरील सीआर२०३२ सेल हमखास मेलेला असतो. घड्याळ मग कित्येक वर्षे मागे असते, आणि पॅकेजांची सही ‘भविष्यातील’ ठरून इन्स्टॉलर मध्येच अडतो. दिसणारा संदेश मात्र मिररबद्दल, म्हणजे पॅकेजे पुरवणाऱ्या सर्व्हरबद्दल, असतो, त्यामुळे माणूस नेटवर्क तपासत बसतो. चिपळूणहून एक डझन सेल आधीच आणून ठेवावेत, आणि सेल बदलतानाच बायोसमध्ये जाऊन वेळ, बूट क्रम आणि वीज आल्यावर बंदच राहण्याचा पर्याय, ही तिन्ही कामे उरकावीत.

पासवर्ड प्रीसीडमध्ये उघडा लिहू नका, त्याचा हॅश, म्हणजे सहज उलगडता न येणारे रूप, लिहा. तरीही ती फाइल नेटवर्कवरील कोणालाही वाचता येते, हे जाणून तेथे शाळेचा नेहमीचा पासवर्ड वापरू नये.

एक संगणक तयार करून त्याची प्रतिमा सर्वांवर उतरवली तर, असेही आपण विचारले आहे. संगणक एकसारखे असते तर मीही प्रतिमा उतरवणारे क्लोनझिलाच सुचवले असते. आपल्याकडे डिस्क लहानमोठ्या आहेत, बायोस आणि यूईएफआय मिसळलेले आहेत, आणि प्रतिमेतून आलेल्या प्रत्येक संगणकाचे नाव, मशीन-आयडी ही अंतर्गत ओळख आणि एसएसएच या दूरजोडणीच्या गुप्त कळा एकच निघतात, त्या नंतर हाताने बदलाव्या लागतात. प्रीसीडची फाइल पुढच्या वर्षी आणखी चार संगणक आले तरी चालेल.

शेवटचा संगणक बंद झाला की लॅपटॉपवरील डीएनएसमास्क केवळ थांबवू नका, लॅपटॉप सुरू होताना तो आपोआप चालू होणार नाही असेही करा. दुसऱ्या दिवशी तोच लॅपटॉप आपण दुसऱ्या एखाद्या कार्यालयाच्या स्विचला लावाल, आणि यादीचे बंधन तोवर काढलेले असेल, तर तेथे तो लोकांना पत्ते वाटू लागेल.