डिजिटलमुळे गाणारा-लिहिणारा माणूस जास्त कमवायला लागला का?

तुम्ही विचारलंय की आता कोणीही घरबसल्या गाणं जगभर टाकू शकतो, मग कलाकाराची कमाई वाढली का. मी नाशिकला सिडकोत छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतो, जास्त करून देवीची गाणी, भीमगीतं, हळदीची गाणी, त्यामुळे मोठ्या फिल्मी लोकांचं नाही, आमच्यासारख्यांचं सांगतो. गाणं काढणं स्वस्त झालं, लोकांपर्यंत पोचवणं सोपं झालं, पण पैसा त्यालाच येतो ज्याचं नाव गाण्याला नीट जोडलेलं असतं. आणि आपल्याकडे नेमकं तिथेच दुर्लक्ष होतं.

कॅसेटच्या काळात (टी-सिरीज 1983 ची, त्यावरून अंदाज घ्या) सप्तशृंगी गडाच्या पायथ्याला नांदुरीला यात्रेत कॅसेटचे स्टॉल लागायचे. धंदा जोरात होता, पण गीतकाराला काय, तर व्हाउचरवर सही आणि एकरकमी पैसे. कॅसेट कितीही खपो, पुन्हा एक रुपया नाही. मग एमपीथ्री आलं आणि मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून द्यायला लागले, त्यात तर दुकानदार सोडून कोणालाच काही मिळालं नाही, कॅसेटवालेही बसले. कॉलरट्यूनचा पैसा मोठा होता पण तो टेलिकॉम कंपनी आणि लेबल (गाणी काढणारी कंपनी) यांच्यातच बराचसा जिरला.

आता रेकॉर्डिंग. पूर्वी शिफ्टचे पैसे भरून मुंबईला जायचं, सगळे वादक एकत्र बसायचे. आता लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस, एक बरा कंडेन्सर माईक आणि भिंतीला गोधड्या, एवढ्यात काम होतं. तबलावाला त्याच्या घरून फाईल पाठवतो, गायिका संध्याकाळी येऊन डबिंग करून जाते. फक्त संबळ मी अजून समोर बसवूनच घेतो, कारण माईक जवळ ठेवला की आवाज फाटतो आणि लांब ठेवला की खोलीच ऐकू येते, ती जागा वादक वाजवत असतानाच सापडते. लूप (आधीच रेकॉर्ड केलेला ठेक्याचा तुकडा) टाकून काम भागतं, पण गडावर संबळ ऐकलेल्या माणसाला फरक लगेच कळतो.

स्ट्रीमिंगबद्दल एक गैरसमज आहे की एका प्लेला ठरलेला रेट असतो. तसं नाहीये. ॲपकडे जाहिराती आणि सबस्क्रिप्शनचा जो पैसा जमतो त्यातला हिस्सा, एकूण प्लेमध्ये तुमचे किती त्या प्रमाणात वाटला जातो. स्पॉटिफाय भारतात 2019 ला आलं, आणि 2024 पासून त्यांचा नियम असा की गाण्याला मागच्या बारा महिन्यांत 1000 स्ट्रीम नसतील तर त्या रेकॉर्डिंगचे पैसेच निघत नाहीत. म्हणजे आमच्याकडच्या बऱ्याच पोरांना शून्य. त्यांचं घर आजही जागरण-गोंधळ, हळद आणि जयंतीच्या सुपाऱ्यांवरच चालतं, यूट्यूबचा उपयोग सुपारी मिळवायला होतो, आणि तो उपयोग खरंच मोठा आहे.

आता नावाचं बघा. आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक गाण्याच्या शेवटी ‘वामन’ गुंफायचे, त्यामुळे गाणं कोणीही कुठेही गायलं तरी कवी कळायचा. आज ते काम अपलोडच्या फॉर्मला करावं लागतं. गीतकार, संगीतकार, गायक असे रकाने असतात, प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी कोड म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक मिळतो, आणि रेकॉर्डिंगचा हिशोब त्यावरून होतो. पण लोक घाईत गीतकाराच्या रकान्यात चॅनलचं नाव टाकतात किंवा ‘पारंपरिक’ लिहून मोकळे होतात. माझ्याकडे एक आजोबा येतात, त्यांनी लिहिलेली देवीची गाणी तीन-चार चॅनलवर आहेत आणि एकाही ठिकाणी त्यांचं नाव नाही. मला याचा फार राग येतो, कारण रकाना भरायला दोन मिनिटं लागतात हो.

कायदा मात्र कलाकाराच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क लेबलला लिहून देता येत नाही, तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला (कलाकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला) देता येतो. ‘सगळे हक्क कायमचे दिले’ अशा कागदावर नंतर सही झालेली असली तरी तो हक्क जात नाही, हे गावाकडच्या कितीतरी कवींना माहीतच नाही.

तर तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचं कोणी लिहीत असेल, चाली लावत असेल, तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्व घ्या आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा, नुसतं सभासद होऊन भागत नाही. गायकांसाठी इसमरा ही वेगळी संस्था आहे. आणि रेकॉर्डिंगला बसायच्या आधी कोणाचा किती हिस्सा ते एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, मी हल्ली त्याशिवाय माईक चालू करत नाही.