बीन बॅगआधी जेवणाचं टेबल बघा

तुमचा प्रश्न असा: बाणेरला ३,२०० चौरस फूट कार्पेटची जागा घेतलीय, माणसं ४५, त्यातली निम्मी काही ना काही कारण काढून घरूनच काम करतात. डिझायनरने सगळं ओपन ठेवून एक झाडांची हिरवी भिंत, बीन बॅग आणि फूसबॉल (टेबलावरचा फुटबॉल) असा प्लॅन दिलाय. लोक येतील का, एकमेकांत मिसळतील का? मी पुण्यात बरीच वर्षं ऑफिस इंटिरियरची कामं करतोय, त्यामुळे जरा पाल्हाळ लावतो.

फूसबॉल पहिले पंधरा दिवस वाजतो, मग त्यावर कुरिअरची खोकी येतात. तो विषय संपला.

ओपनचा मुद्दा मात्र गंभीर आहे. पार्टिशन काढली की माणसं बोलायला लागतात, असं सगळे धरून चालतात. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी दोन बड्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांना सेन्सर देऊन हे मोजलं आणि २०१८ मध्ये छापलं. ओपन झाल्यावर समोरासमोरचं बोलणं साधारण ७० टक्क्यांनी घटलं, ईमेल वाढले. पाठीमागून कोण स्क्रीन बघतंय याचा भरवसा नसला की माणूस हेडफोन चढवतो आणि मान खाली घालतो. म्हणून टीमप्रमाणे सहा-आठ जणांचे गट करा आणि दोन गटांमध्ये साधारण चार फुटी स्टोरेज उभं करा. बसलेल्याला आडोसा मिळतो, उभं राहिलं की पलीकडचा दिसतो.

कॉलसाठी तीन-चार छोट्या खोल्या हव्यातच. पण सुताराकडून चारी बाजूंनी बंद खोकं करून घेऊ नका. आत एक्झॉस्ट आणि दाराखाली फट नसेल, तर दहा मिनिटांत माणूस घामाघूम होऊन बाहेर येतो आणि पुढचा कॉल जिन्यात घेतो. आवाजाचंही बघा. वर सपाट जिप्सम, खाली व्हिट्रिफाइड टाइल, मधे काचा, म्हणजे एकाचं बोलणं सगळ्यांनी ऐकायचं. कामाच्या भागात आवाज शोषणाऱ्या मिनरल फायबरच्या टाइल्सचं ग्रिड सीलिंग आणि खाली कार्पेट टाइल घ्या. फोटोत ते जिप्समइतकं देखणं दिसत नाही, त्यामुळे डिझायनर नाक मुरडेल. मुरडू दे.

आता हवा. स्प्लिट आणि कॅसेट (छतात बसणारे) एसी आतलीच हवा गार करून परत सोडतात, बाहेरची आणत नाहीत. बाहेर कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२०) असतो. बंद कॉन्फरन्स रूममध्ये आठ जण बसले की तो बघता बघता १,००० च्या वर जातो. दुपारच्या मीटिंगला सगळे पेंगतात आणि आपण खापर भातावर फोडतो. एसीवाल्याला एकच विचारा: फ्रेश एअर कुठून आणि किती? उत्तर ‘खिडकी आहे ना’ असं आलं, तर बाहेरची हवा आत ओढायला फिल्टरसह इनलाइन फॅन (डक्टमध्येच बसणारा पंखा) आणि डक्ट कोटेशनमध्ये घालायला लावा. हिरव्या भिंतीने हे काम होत नाही. झाडं हवा शुद्ध करतात ही कल्पना नासाच्या १९८९ च्या प्रयोगांवरून पसरली, पण ते प्रयोग छोट्या हवाबंद पेट्यांतले होते. २०१९ च्या एका आढाव्यात हिशोब निघाला की इमारतीत नेहमी होणाऱ्या वायुविजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. झाडं ठेवा, डोळ्यांना बरं वाटतं. पण कुंड्यांत ठेवा, आणि ज्याला हवी त्याला आपापली आणू द्या. पाणी घालायला कंत्राटदार लागणारी भिंत कुणाचीच नसते.

नेदरलँड्समधल्या आपेलडोर्नला हेर्मन हर्ट्सबर्गर या वास्तुकाराने १९७२ मध्ये एका विमा कंपनीचं ऑफिस बांधलं. काँक्रीटचे ब्लॉक मुद्दाम उघडे सोडले, म्हणजे लोक आपली झाडं, चित्रं आणून जागा आपलीशी करतील. लोकांनी केलीसुद्धा. त्यामुळे भिंतींवर प्रेरणादायी वाक्यांचं व्हिनाइल स्टिकर ठरलं असेल तर रद्द करा आणि तिथे लोकांना आपलं काही टाचता येईल असा सॉफ्टबोर्ड लावा.

माझ्या मते सगळ्यात जास्त डोकं पँट्रीवर लावायला हवं. आपल्याकडे माणसं जोडली जातात ती डब्यावर. ‘आज काय आणलंय?’ या प्रश्नाने अकाउंट्समधली बाई आणि नवीन लागलेला टेस्टर बोलायला लागतात, त्याला एचआरचा खेळ लागत नाही. आणि बहुतेक प्लॅनमध्ये ४५ जणांना आठ खुर्च्यांची पँट्री असते! मग लोक पाळ्या लावतात किंवा डेस्कवरच उरकतात. एका वेळी निदान २० जण बसतील अशी सोय करा. दोघा-दोघांची गोल टेबलं नकोत. एक-दोन लांब टेबलं घ्या, बाकडी चालतील, सरकून जागा करता येते. मायक्रोवेव्ह एक ठेवलात तर एक वाजता रांग लागणार, तीन ठेवा. हात धुवायचं बेसिन आणि डबे धुवायचं सिंक वेगवेगळं. आपण हाताने जेवणारी माणसं, वरणाचा हात घेऊन टॉयलेटपर्यंत चालत जायला कुणालाच आवडत नाही. सिंक खोल घ्या आणि गाळणी काढता येईल अशी घ्या, नाहीतर भाताची शितं तुंबून महिन्यात वास सुटतो. एक्झॉस्ट दमदार हवा, म्हणजे कुणी सुकट आणली तरी तंटा होणार नाही. आणि ही पँट्री कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत ढकलू नका, खिडकीजवळ द्या. साहेबांची केबिन आत गेली तरी चालेल, ते तसेही निम्मा वेळ बाहेर असतात.

डेस्कवर ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड पुरतो. पश्चिमेच्या काचांना रोलर ब्लाइंड लागतीलच, एप्रिल-मेमध्ये चारनंतर तिथे बसवत नाही. एसी २४ वर ठेवा आणि कॅसेटचा झोत थेट कुणाच्या डोक्यावर पडत नाही ना, ते सीटिंग प्लॅनवर तपासा. बायका स्वेटर घालून बसतात तेव्हा त्या ‘नाजूक’ नसतात. ऑफिसच्या तापमानाचं जुनं गणितच ७० किलो वजनाच्या चाळिशीतल्या पुरुषावर बेतलेलं आहे.

शेवटचं, आणि हे डिझायनर सांगणार नाही. तुम्ही ४५ आहात. ५० झालात की कायद्याप्रमाणे पाळणाघराची सोय करावी लागते, हा नियम २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने आला. आत्ताच एक छोटी खोली आतून कडी, बेसिन आणि आडवं होण्यापुरत्या दिवाणासह राखून ठेवा. तोवर कुणाला बरं नसलं, किंवा नवीन आईला दूध काढायचं असलं, तर ती उपयोगी पडेल. एसीचा लेआउट हाती आला की इथे टाका, झोत आणि फ्रेश एअर बघून सांगतो.