ट्वेंटी-आय की फोर्टी-आय? वाचकांचे प्रश्न, गाडीवाल्या काकांची उत्तरं

प्रश्न: काका नमस्कार. मी इंदूरचा, वय ३६, दातांचा डॉक्टर. घरात एक सेदान आहे, ती बायको-मुलं वापरतात, आता मला स्वतःसाठी टू-सीटर घ्यायचीय, कॉलेजपासूनचं वेड आहे. बीएमडब्ल्यू झेड-फोरच्या दोन सेकंडहँड गाड्या नजरेत आहेत. एक ट्वेंटी-आय, म्हणजे छोट्या इंजिनाची, २०१९ ची, इथलीच, एमपी-०९ पासिंग, फक्त ११,००० किमी चाललेली, ४४ लाख म्हणतायत. दुसरी एम-फोर्टी-आय, मोठ्या इंजिनाची, २०२० ची, पुण्याची, ३४,००० किमी, ५७ लाख. ट्वेंटी-आय चालवून बघितली, छानच आहे, पण आवाज ऐकून वाटलं, बस एवढंच? फोर्टी-आयचा आवाज पुण्याच्या मित्राने व्हिडिओ कॉलवर ऐकवला, तेव्हापासून तोच आवाज कानात आहे. बायको म्हणते एवढ्यात फ्लॅटचं डाउन पेमेंट होतं, आणि घ्यायचीच तर स्वस्तातली घ्या, दिसायला दोन्ही सारख्याच. एक मित्र म्हणतो ट्वेंटी-आय घे आणि ट्यून करून घे, फोर्टी-आय होऊन जाते. वापर म्हणजे रविवारी सकाळी सिमरोलकडे भेरूघाट, कधी मांडू, महिन्यातून एकदोनदा क्लिनिक. काय करू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: डॉक्टर, तू काका म्हणालास म्हणून अरे-तुरेच करतो. तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात 'आवाज' तीनदा आलाय आणि मायलेज एकदाही नाही, म्हणजे तुला काय हवंय ते तुला आधीच माहितीये, फक्त कोणीतरी मोठ्या माणसाने हो म्हणायला हवंय. म्हणतो मी हो. फोर्टी-आय घे. पण पुण्याची गाडी तपासून झाल्यावर, आणि ५७ ला नाही.

भावाचंच आधी बोलू, कारण तिथे तुला गंडवतायत असं मला वाटतं. ही पिढी आपल्याकडे एप्रिल २०१९ मध्ये आली, ऑस्ट्रियात ग्राझला बनते आणि अख्खीच्या अख्खी इंपोर्ट होते. तेव्हा शोरूमचा भाव ट्वेंटी-आयचा ६४.९० लाख आणि फोर्टी-आयचा ७८.९० लाख होता, म्हणजे फरक १४ लाखांचा. आज तुला फरक सांगतायत १३ चा! गाड्यांचे भाव उतरले आणि फरक जवळपास तेवढाच राहिला, असं कसं? ट्वेंटी-आयचे ४४ म्हणजे नव्या भावाचे साधारण ६८ टक्के, त्याच हिशोबाने फोर्टी-आय साडेत्रेपन्नला बसते. एक वर्षाने नवी आहे हे मान्य, पण तिप्पट चाललेली पण आहे, तेव्हा ते एकमेकांत फिटलं समज आणि ५३ पासून बोलायला सुरुवात कर. हां, समोरचा एक मुद्दा काढेल आणि तो खरा आहे: २०२३ मध्ये गाडी नव्या रूपात आली तेव्हा इथे फक्त फोर्टी-आयच विकायला ठेवली, ८९.३० लाखाला, ट्वेंटी-आय यादीतून गेली. म्हणजे पुढेमागे विकायची झाली तर गिऱ्हाईक फोर्टी-आयलाच जास्त विचारणार. म्हणून ५४-५५ पर्यंत गेलास तरी मी रागावणार नाही.

आता फरक. ट्वेंटी-आयला दोन लिटरचं चार सिलिंडर टर्बो, १९७ हॉर्सपॉवर, ३२० एनएम टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर. फोर्टी-आयला तीन लिटरचं, सहा सिलिंडर एका रांगेत, ३४० हॉर्सपॉवर आणि ५०० एनएम. शून्य ते शंभर पहिली ६.६ सेकंदांत, दुसरी साडेचारच्या आसपास. गिअरबॉक्स दोन्हीला आठ स्पीडचा ऑटोमॅटिक, ताकद दोन्हीत मागच्या चाकांना. पण चौपदरी हायवेवर कायद्याने लिमिट जास्तीत जास्त १००, म्हणजे ते साडेचार सेकंद संपले की पुढे काय करणार आहेस? पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ मध्ये झालाय खरा, आपल्या घरापासून तासाभरावर, पण तो टेस्टिंगसाठी आहे, रविवारी पोहे-जिलबी खाऊन चक्कर मारायला नाही. म्हणून सेकंद विसर. सहा सिलिंडर एका रांगेत असले की पिस्टन एकमेकांचे धक्के आपोआप मारून टाकतात, त्यामुळे ते इंजिन गुळगुळीत फिरतं, आणि तुझ्या कानात जे बसलंय ते हेच.

दुसरी गोष्ट मागच्या डिफरेन्शियलची, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाची, ही कोणी सांगत नाही. वळणावर जोरात निघालास की आतल्या बाजूच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि ते चाक नुसतं फिरायला लागतं, ताकद वाया. फोर्टी-आयला जो एम स्पोर्ट डिफरेन्शियल आहे तो इलेक्ट्रॉनिक आहे, तो लॉक होतो आणि जोर बाहेरच्या चाकाला देतो. भेरूघाटात पहिल्या पावसात, ट्रकांनी डिझेल सांडून ठेवलेल्या वळणावर तुला हे पायाखाली जाणवेल. शिवाय ब्रेक मोठे, सस्पेन्शन अॅडॅप्टिव्ह, म्हणजे रस्त्याप्रमाणे मऊ-कडक होणारं. उलट बाजू पण सांगतो, फोर्टी-आय शंभर किलोंपेक्षा जास्त जड आहे आणि ते वजन बहुतेक नाकावर, त्यामुळे घट्ट वळणात ट्वेंटी-आय जास्त चपळ वाटते, काही लोकांना तीच आवडते आणि ते लोक वेडे नाहीत.

आता तुझ्या ट्यूनवाल्या मित्राचं. लॅपटॉप लावून इंजिनचं सॉफ्टवेअर बदललं की ४०-५० हॉर्सपॉवर वाढतात, नाही कोण म्हणतं, पण सिलिंडर दोन वाढत नाहीत आणि डिफरेन्शियल पण येत नाही, ब्रेक जुनेच. वरून इन्शुरन्सला न सांगता ट्यून केलीस तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर काय म्हणेल ते तूच बघ. मित्राला म्हणावं तू स्वतःची कर.

आणि सौ.ना सांग की दिसायला सारख्याच हे अर्धंच खरं आहे. मागे जाऊन सायलेन्सरचं तोंड बघायचं. फोर्टी-आयचं चौकोनी, खालीवर तिरकं असतं, ट्वेंटी-आयचं गोल. आरशांचे कव्हर आणि जाळीची कड फोर्टी-आयला करड्या रंगात येते. हे का सांगतोय, तर एम स्पोर्ट पॅकेजवाल्या ट्वेंटी-आयवर पण 'एम'चे बॅज असतात, आणि बॅज तर काय बाजारात कुठेही मिळतो. त्यामुळे पुण्याच्या गाडीचा चेसिस नंबर घे, शेवटचे सात आकडे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दे, ते सांगतील गाडी कारखान्यातून काय म्हणून निघाली होती.

फ्लॅटच्या डाउन पेमेंटबद्दल मात्र त्या बरोबर आहेत, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आता ११,००० किमीचं, ज्यावर तू सगळ्यात जास्त खूश आहेस. सहा वर्षांत ११,००० म्हणजे महिन्याला दीडशेच्या आसपास. ही गाडी चाललेली नाही, उभी राहिलेली आहे. मी स्वतः एकदा अशीच कमी चाललेली कूपे एका डीलरकडून घेतली होती, टायरची नक्षी अगदी नवी, डीलर नख खुपसून दाखवत होता की बघा साहेब रबर. मानपूरच्या पुढे मागचं डावं टायर फुटलं, बायको शेजारी होती, नशीब की पुढे मोकळा रस्ता होता. नंतर उकिडवा बसून बघितलं तर टायरच्या कडेला केसासारख्या बारीक भेगा, आणि टायरवर छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे ०९११, म्हणजे २०११ सालचा नववा आठवडा. गाडी घेतली होती २०१७ मध्ये. तू ट्वेंटी-आय बघायला परत जाशील तेव्हा चारही टायरवर ते चार आकडे मोबाईलच्या टॉर्चने वाच. २०१९ चे निघाले तर चारही बदलायचे पैसे भावातून काप, नक्षी कितीही असो. बॅटरी पण बघ. उभ्या गाडीची बॅटरी मरते आणि बीएमडब्ल्यूत नवी टाकली की कॉम्प्युटरला तशी नोंद द्यावी लागते, गल्लीतल्या बॅटरीवाल्याने नुसती बसवून दिली असेल तर चार्जिंग जुन्याच हिशोबाने चालू राहतं.

पुण्याच्या गाडीला उलट ३४,००० किमी आहेत, सर्व्हिस दरवर्षी झाली असेल तर मला तीच जास्त निरोगी वाटते. सकाळी थंड इंजिनवर स्टार्ट करायला सांग, तू पोचायच्या आधी गरम करून ठेवली असेल तर परत ये आणि दुसऱ्या दिवशी जा. स्कॅनर लावून गाडीतल्या सगळ्या मोड्यूलमधले, म्हणजे छोट्या कॉम्प्युटरमधले, किलोमीटर जुळतात का ते बघ, किल्लीत पण नोंद असते, ती सर्व्हिस सेंटरवाले वाचून देतात. इंजिनखाली ऑइलचा ओलावा बघ. पुढची-मागची टायरं वेगळ्या साइजची असतात, म्हणजे अदलाबदल होत नाही, आणि ५०० एनएम मागच्या दोघांवर, ती लवकर जातात, किती वेळा बदलली विचार. आणि डिकीत स्टेपनी नसते, मांडूच्या रस्त्यावर पंक्चर झालं तर काय करायचं ते आधी ठरव, मग जहाज महाल बघ.

खर्चाचं थोडक्यात: थर्ड पार्टी प्रीमियम दोन्हीचा एकच, कारण १५०० सीसीच्या वर सगळ्यांना ७,८९७ रुपये. फरक पडतो तो स्वतःच्या नुकसानीच्या भागात, आणि तो गाडीच्या आयडीव्हीवर, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीवर. दोन गाड्यांमधला खर्चाचा खरा फरक टायर आणि ब्रेकमध्ये आहे. घासाघीस करून वाचलेले तीन-चार लाख त्यासाठी बाजूला ठेव, घरी सांगू नकोस.

प्रश्न: काका, महाराष्ट्र पासिंगची गाडी एमपीत आणताना कुठे अडकतो? माझा भाऊ वर्षभर एमएच नंबरवरच फिरतोय.
– देवासहून एक वाचक

उत्तर: तुझ्या भावाचं वर्ष संपत आलंय. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की नवा नंबर घ्यावाच लागतो, हा मोटार वाहन कायदाच आहे. आधी जुन्या आरटीओची एनओसी, तो फॉर्म २८. विक्रीचे २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५, आणि हा बहुतेक लोक विसरतात, कर्ज फेडून चार वर्षं झालेली असतात पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. ई-चलान बाकी असेल तर एनओसी अडते, म्हणून टोकन द्यायच्या आधी गाडी नंबर टाकून चलान बघायचं, टोकन दिल्यावर नाही. इथे रोड टॅक्स परत भरावा लागतो, महाराष्ट्रात भरलेल्यातला उरलेला भाग परत मागता येतो पण त्यासाठी चकरा आहेत, तो पैसा हातात येईल असं धरून भाव ठरवू नकोस. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करून घे. आणि विकणारा म्हणेल "पन्नास टक्के नो-क्लेम बोनस आहे साहेब", तो बोनस त्याचा आहे, गाडीचा नाही, तो त्याच्याबरोबरच जाणार.

प्रश्न: इंदूरच्या उन्हाळ्यात कापडी छत टिकतं का? (वरच्याच डॉक्टरांचा दुसरा फोन.)

उत्तर: टिकतं, सावलीत ठेवलंस तर. बेसमेंट पार्किंग नसेल तर आधी शेड. झेड-फोरचं छत १० सेकंदांत उघडतं आणि ५० च्या स्पीडपर्यंत चालत्या गाडीत पण, पण कापड धुळीने भरलेलं असताना घडी घातलीस की घडीवरच घासतं, म्हणून आधी मऊ ब्रश. प्रेशर वॉशरवाल्याला जवळ येऊ देऊ नकोस. आणि घ्यायच्या आधी छतावर बादलीभर पाणी ओतून आत बसून बघ, मालक हो म्हणाला तर. नाही म्हणाला तर का नाही म्हणाला ते मला फोन करून सांग.