वाचकांचे प्रश्न : मोरीतला साप आणि पहाटेची पोटदुखी

पाऊस लागला की बिळांत पाणी शिरते. उंदीर कोरड्या जागी सरकतात आणि त्यांच्या मागोमाग सापही जिन्याखाली, मीटर रूममध्ये, मोरीत येतात. मुंबईत आरेची झाडी आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांच्या कडेने वसलेल्या वस्त्यांतून आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एक पत्र कोळीवाड्यातले आहे.

प्रश्न : आमचे घर तळमजल्यावर आहे आणि मागे झाडी आहे. आठवड्यात दोनदा मोरीत वीतभर लांबीचा पट्टेवाला साप निघाला. शेजारी म्हणतात मण्यार, वॉचमन म्हणतो कवड्या. ओळखायचे कसे? कार्बोलिक ॲसिडची बाटली उघडी ठेवली तर साप येत नाही, हे खरे का?
– गृहिणी, गोरेगाव (पूर्व)

फरक पट्ट्यांत आहे. मण्यार निळसर काळा आणि चकचकीत असतो. त्याचे पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने असतात. डोक्याकडे ते पुसट असतात किंवा नसतातच, आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे नेमके उलटे. अंग तपकिरी, पट्टे पिवळट पांढरे, मानेपासूनच सुरू होणारे आणि शेपटीकडे विरत जाणारे. कवड्या पालींवर जगतो, त्यामुळे ट्यूबलाइटजवळ भिंतीवर चढलेला साप बहुतेक वेळा तोच निघतो. तो बिनविषारी आहे.

तरीही तुमच्या बाबतीत आम्ही सावध राहायला सांगू. मण्यारच्या पिल्लाला पुढच्या भागातही पट्टे स्पष्ट दिसतात आणि तिथे जाणकाराचीही गफलत होते. वीतभर लांबीचा पट्टेवाला साप दिसला की तो मण्यार आहे असेच धरून चाला. पिल्लाला जन्मापासून विष असते. झाडूने किंवा सुपलीत घेऊन बाहेर टाकायला जाऊ नका. लांबूनच मोबाइलवर झूम करून फोटो घ्या आणि जाणकाराला दाखवा.

कार्बोलिक ॲसिडचा उपयोग नाही, उलट धोका आहे. ते कातडी भाजून काढते आणि घरात लहान मूल असेल तर ती बाटली सापापेक्षा भयंकर. फिनेल, गंधक, डांबरगोळ्या, रॉकेल, लसणाचे पाणी, दारात लावलेली सर्पगंधा, यांपैकी कशानेही साप यायचा थांबत नाही. उग्र द्रव अंगावर पडला तर साप बिथरून पळतो, पण तो दाराकडेच पळेल असे नाही. पुष्कळदा तो कपाटामागे जाऊन बसतो आणि मग सापडत नाही.

खरे काम भोके बुजवण्याचे. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून पिल्लू आत येते. मोरीच्या जाळीची भोके बोटभर असतील तर ती जाळी बदला. 6 मिलिमीटरपेक्षा मोठी भोके नसलेली स्टीलची जाळी घ्या आणि ती नुसती ठेवू नका, स्क्रूने बसवा. नुसती ठेवलेली जाळी मोरी धुताना सरकते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. एसीचा पाइप, केबल, गॅसची नळी जिथून भिंतीत शिरते तिथली फट फोमने भरू नका, कारण फोम उंदीर कुरतडतात. आधी जाळीचा तुकडा कोंबा आणि वरून सिमेंट लिंपा. दाराखाली रबराची किंवा ब्रशची पट्टी लावा. पट्टी नीट बसली की नाही हे पाहायचे तर रात्री आतला दिवा लावून बाहेर अंधारात उभे राहा. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथून साप येतो. खिडकीला टेकलेल्या फांद्या निदान 1 मीटर मागे छाटून घ्या.

प्रश्न : डोंगराच्या उतारावर आमची बैठी खोली आहे. पाच माणसे जमिनीवर झोपतो, कॉट लावायला जागा नाही. आमच्याकडे म्हणतात की रात्री काही चावल्याचे कळतही नाही आणि पहाटे पोटात दुखून माणूस जातो. असे खरेच होते का?
– वाचक, भांडुप (पश्चिम)

हो, होते. आणि ते मण्यारमुळेच होते. या अंकातल्या सगळ्या उत्तरांत हे उत्तर आधी घरच्यांना वाचून दाखवा.

मण्यार रात्री फिरतो. उंदराच्या, पालीच्या, दुसऱ्या सापाच्या मागावर तो भिंतीच्या कडेकडेने येतो. झोपलेल्या माणसाची कूस बदलते, हात त्याच्यावर पडतो आणि तो चावतो. त्याचे दात बारीक असतात. मुंगी किंवा डास चावल्यासारखे वाटते, सूज येत नाही, कधी कधी खूणही सापडत नाही. माणूस खाजवून पुन्हा झोपतो. पहाटे पोटात कळा येतात, उलटी होते. घरचे म्हणतात पित्त झाले. ओवा, सोडा दिला जातो आणि ‘जरा पडून राहा’ म्हटले जाते. जीव वाचवणारे तास असे निघून जातात.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अचानक पोटदुखी सुरू झाली तर दोन गोष्टी तपासा. त्याच्या डोळ्यांसमोर बोट धरा आणि मान न हलवता बोटाकडे पाहायला सांगून बोट हळूहळू वर न्या. पापण्या पूर्ण उचलत नसतील, अर्ध्यावर लोंबत असतील, तर ते विषाचे लक्षण आहे. मग एका दमात आकडे मोजायला सांगा. आवाज घोगरा झाला, जीभ जड पडली, काही आकड्यांतच दम संपला, किंवा थुंकी गिळता येत नसेल, तर क्षणभरही घरी थांबू नका. एकाचे दोन दिसणे हेही तेच लक्षण. आणि या तपासण्यांत काही सापडले नाही तरी नुसत्या शंकेवर दवाखाना गाठायला हरकत नाही. रिकाम्या हाताने परत आलात तर बिघडत नाही.

मण्यारचे विष मज्जातंतूंची टोके निकामी करते. एकदा ती गेली की प्रतिविषाने, म्हणजे सापाच्या विषावरच्या इंजेक्शनाने, लगेच परत येत नाहीत, नव्याने जोडणी व्हायला काही दिवस लागतात. तेवढे दिवस व्हेंटिलेटर श्वास घेतो. अशा रुग्णाचे डोळे उघडत नाहीत, बोट हलत नाही, बाहुल्यासुद्धा विस्फारलेल्या असू शकतात. नातेवाइकांना वाटते सगळे संपले. पण तो आत शुद्धीवर असू शकतो, तुमचे बोलणे ऐकत असू शकतो. व्हेंटिलेटर काढा असे म्हणण्याची घाई करू नका. असे रुग्ण पुरते बरे होऊन घरी जातात.

आता झोपण्याची सोय. मच्छरदाणी हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. गादी असेल तर मच्छरदाणीची कड सगळीकडून वीतभर गादीखाली दाबा. चटईखाली कड टिकत नाही, पाय लागला की सुटते. म्हणून जमिनीवर झोपणाऱ्यांनी तळ शिवलेली, चेनची मच्छरदाणी घ्यावी आणि आत शिरताच चेन लावावी. अंथरूण भिंतीपासून हातभर दूर घाला. गुंडाळून ठेवलेली गादी अंथरण्यापूर्वी दोन्ही टोकांना धरून झटका. खरकटी भांडी आणि उघडे धान्य रात्री ठेवू नका, कारण उंदीर आला की त्याच्या मागावरचाही येतो. रात्री संडासला जाताना पायात चप्पल आणि हातात टॉर्च हवाच, मग तो दहा पावलांवर का असेना.

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमध्ये साप दिसला की आरडाओरडा होतो आणि वॉचमन काठी घेऊन धावतो. आम्ही कमिटी म्हणून काय करावे?
– सचिव, गृहनिर्माण संस्था, मुलुंड

काठी आधी काढून घ्या. साप मारणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि मारायला किंवा पकडायला जाणारा माणूस सापाच्या अगदी टप्प्यात जातो. साप दिसला की एकाने तीन मीटरवर उभे राहून नुसती नजर ठेवायची. बाकीच्यांनी मुले आणि कुत्री आत घ्यायची. नजर हटली की साप गाडीच्या इंजिनात किंवा डक्टमध्ये जातो आणि मग दिवसभर कोणाला चैन पडत नाही. वन विभागाची हेल्पलाइन 1926 आहे. तिथून किंवा माहितीतल्या नोंदणीकृत सर्पमित्राकडून मदत मागवा आणि हा आकडा वॉचमनच्या टेबलावर मोठ्या अक्षरांत चिकटवा. खोलीत साप असेल तर दार ओढून घ्या आणि बाहेरून दाराखाली ओला टॉवेल कोंबा.

पार्किंगमध्ये निघणारा लांबलचक पिवळसर किंवा तपकिरी साप पुष्कळदा धामण असते. तिला लोक नाग समजतात. धामणीला फणा नसतो आणि तिच्या ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात. ती उंदीर फस्त करते. नागाने फणा काढला नसेल तर त्याच्यावरचा दहाचा आकडा दिसत नाही, म्हणून ‘फणा नाही म्हणजे नाग नाही’ असा हिशेब करू नका.

हिरवळीत आणि पालापाचोळ्यात घोणसीची काळजी घ्या. पाठीवर साखळीसारख्या गडद ठिपक्यांच्या तीन रांगा, आणि डिवचले की कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार. तिला अजगराचे पिल्लू समजून हात लावल्याने माणसे दगावतात. घोणस अंडी घालत नाही, पिल्ले देते, एका वेळी 20 ते 40, आणि तीही पावसाळ्याच्या तोंडावर. माळ्याला गमबूट द्या आणि पाचोळा हाताने न उचलता फावड्याने उचलायला सांगा. डेब्रिज, जुन्या टाइल्स, मोडके दरवाजे कंपाउंडच्या कडेला महिनोन्महिने पडलेले असतात, ते पावसाआधी उचलून टाका. कचऱ्याच्या डब्यांना झाकणे हवीत. पंपरूम आणि मीटर रूमच्या दाराखालची फटही वर सांगितल्याप्रमाणे बंद करा.

प्रश्न : साप चावलाच तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे? दोरी बांधायची की नाही?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, बोरिवली

बांधायची नाही. घोणस आणि नागाचे विष त्या जागची मांसपेशी सडवते. दोरी आवळली की रक्त थांबते आणि अवयव गमावण्याची वेळ येते. शिवाय दोरी एकदम सोडली की साचलेले विष एका झटक्यात अंगात पसरते. कोणी आधीच बांधली असेल तर रस्त्यात सोडू नका, रुग्णालयात डॉक्टर सोडतील. चिरा देणे, तोंडाने ओढणे, बर्फ लावणे, हळद भरणे, यांतले काही नको.

अंगठी, बांगड्या, घड्याळ, पैंजण लगेच काढा, कारण सूज आली की ते निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय फळी, पट्टी किंवा घडी घातलेल्या वर्तमानपत्राने हाड मोडल्यासारखा बांधून हलू देऊ नका, पण घट्ट आवळू नका. माणसाला चालवू नका, उचलून न्या. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर ठेवा. पेनाने सुजेच्या कडेवर रेघ मारून बाजूला वेळ लिहा. सूज कितीने वाढली हे डॉक्टरांना त्यावरून कळते. 108 ला फोन करा, पण रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या गाडीने निघा. व्हेंटिलेटर आणि अतिदक्षता विभाग असलेले मोठे रुग्णालय गाठा. केईएम, सायन, नायर, कूपर ही महापालिकेची वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. साप पकडून किंवा मारून नेऊ नका, मेलेल्या सापाचे डोकेही चावू शकते.

तिथे गेल्यावर ‘इंजेक्शन लगेच का देत नाहीत’ म्हणून डॉक्टरांशी भांडू नका. सापाने दर वेळी विष सोडलेलेच असते असे नाही, आणि प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनते, त्याची तीव्र रिअॅक्शन येऊ शकते. म्हणून लक्षणे दिसल्यावरच ते देतात. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. ते पाहायला डॉक्टर थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन 20 मिनिटे हात न लावता ठेवतात, मग नळी तिरकी करतात. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष अंगात आहे. प्रतिविषाची सुरुवात साधारण 8 ते 10 कुप्यांनी होते, आणि लहान मुलालाही मोठ्याइतक्याच कुप्या लागतात, कारण सापाने विष वजन बघून सोडलेले नसते. काहीच झाले नाही तरी 24 तास देखरेखीखाली राहा.

प्रश्न : एक साप मारला की त्याची जोडी सूड घ्यायला येते का?
– वाचक, कांदिवली

नाही. सापाला सूड, ओळख असे काही नसते. त्याच जागी दुसरा साप आला तर तिथे उंदीर आणि लपायला जागा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : डोलीत, म्हणजे मासेमारीच्या जाळ्यात, कधी कधी समुद्रसाप येतो. म्हातारी माणसे म्हणतात तो चावत नाही. खरे आहे का?
– कोळीवाड्यातील वाचक, वर्सोवा

तो सहसा चावत नाही, पण जाळ्यात दाबला गेला किंवा म्हावरं निवडताना मुठीत आला तर चावतो. त्याची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते, त्यावरून तो ओळखता येतो. चावा फारसा दुखत नाही. अर्ध्या तासापासून काही तासांत अंग ठणकू लागते, मान आणि जबडा ताठरतो, हात हलवला तरी स्नायू दुखतात.

आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी बनवलेले आहे, समुद्रसापावर ते चालत नाही. म्हणून रुग्णालयात पोहोचताच ‘समुद्रातला साप होता’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. तिथे श्वास आणि मूत्रपिंडे सांभाळली जातात, गरज पडली तर डायलिसिस करतात. म्हावऱ्याचा ढीग उपसताना हात न घालता लांब दांड्याचा चिमटा वापरा, आणि जाड हातमोजे घाला. चावल्यानंतर लघवी चहासारखी तपकिरी झाली तर स्नायू विरघळून त्यांचा रंग मूत्रपिंडांतून उतरू लागला आहे असे समजा. ती एका बाटलीत घेऊन डॉक्टरांना दाखवा.