डेटासेट पाठवला, तिकडे पोचलं काय?

एका सिस्टिमने वेब सर्व्हिसमधून दुसरीला ऑब्जेक्ट नीट भरून पाठवला आणि तिकडे रिकामा पोचला, अशी तक्रार इतक्या वेळा येते की आता एकदमच उत्तरं देतो.

प्रश्न: आमची डॉटनेटची सर्व्हिस डेटासेट परत करते, जावावाले म्हणतात आम्हाला काहीच कळत नाही.

उत्तर: कळणार कसं? डेटासेट, म्हणजे टेबलांचा गठ्ठा, ही डॉटनेटच्या घरातली वस्तू. डब्ल्यूएसडीएलमध्ये, म्हणजे सर्व्हिस काय घेते-देते ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, त्याच्या जागी 'एनी' येतं, म्हणजे 'इथे काहीतरी आहे', आता त्यावरून जावाचं टूल क्लास काय बनवणार! साधे क्लास करा, त्यांचे ॲरे पाठवा. आणि क्लास ठरवताना जावावाल्यांना सोबत घेऊन बसा.

प्रश्न: सी-शार्पमधून जावाच्या सर्व्हिसला रक्कम पाठवतो, डीबगरमध्ये ५००० दिसते, तिकडे फील्डच नसतं.

उत्तर: फील्ड ऑप्शनल असणार. टूलने बनवून दिलेल्या प्रॉक्सी क्लासमध्ये त्याच नावाला 'स्पेसिफाइड' जोडलेलं बूलियन शोधा, ते ट्रू करा, नाहीतर फील्ड पाठवलंच जात नाही.

प्रश्न: १७ अंकी आयडीचा शेवटचा अंक ब्राउझरमध्ये बदलतो.

उत्तर: स्ट्रिंग करून पाठवा. जावास्क्रिप्टच्या नंबरवर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे भरवसा नाही.

प्रश्न: पेन्शनरांच्या जन्मतारखा दुसऱ्या सिस्टिमला पाठवतो, काही थोड्यांच्याच एक दिवस मागे जातात. सिनियर म्हणतात एक्सएमएल सोडून जेसन फॉरमॅटवर गेलो की मिटेल, एक व्हेंडर 'ऑटो डेट मॅपिंग'वालं कनेक्टर घ्या म्हणतोय.

उत्तर: जेसनमध्ये तारखेचा टाइपच नाही हो, मिटणार काय! आधी त्या थोड्यांची जन्मवर्षं बघा. १९४२ ते ४५ मधली निघाली तर मला नवल वाटणार नाही. युद्धाच्या त्या काळात आपली घड्याळं साडेपाचऐवजी साडेसहा तास पुढे होती. जावाला एशिया-कोलकाता झोनमधून हा इतिहास माहीत असतो, विंडोजच्या इंडिया स्टँडर्ड टाइमला नसतो. म्हणजे १० मार्च १९४३ सुरू होतानाची रात्री बाराची वेळ जावाने साडेसहा तास वजा करून यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) पाठवली, ९ तारखेची संध्याकाळी साडेपाच, समोरच्याने त्यात साडेपाचच तास मिळवले, झाले ९ तारखेचे रात्रीचे अकरा, त्यातून तारीख उचलली आणि गेला एक दिवस. बाकी सगळ्यांचं वजा-अधिक सारखंच होतं म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. मी स्वतः एका कामात तीन आठवडे हे शोधत बसलो होतो, कारण टेस्टिंगला सगळ्या पोरांनी स्वतःच्याच जन्मतारखा टाकलेल्या! मुळात जन्मतारखेला वेळ नसते, झोन तर नसतोच, मग ती डेटटाइममध्ये कोंबायची कशाला? वर्ष-महिना-दिवस एवढंच पाठवा, मागे झोनचं शेपूट लागत नाही ना ते प्रत्यक्ष पाठवलं जाणारं एक्सएमएल उघडून बघा. व्हेंडरला १९४३ ची तारीख टाकून दाखव म्हणा, मग पैशाचं बोलू. आणि 'पुढच्या रिलीजला बघू' नको, रोज चुकीच्या नोंदी वाढतायत. पण डेटाबेसमध्ये सरसकट एक दिवस वाढवायची क्वेरीही मारू नका, डीबीए आणि समोरची टीम यांना घेऊन मूळ कागदाशी ताडून मगच दुरुस्त करा.

प्रश्न: पीडीएफ सोपमधून (वेब सर्व्हिसच्या एक्सएमएल मेसेजमधून) कशी पाठवू?

उत्तर: बेस६४ करून, म्हणजे फाइलचे बाइट साध्या अक्षरांत बदलून. तीन बाइटचे चार होतात, तेवढं धरून चाला. फायली मोठ्या असतील तर एमटॉम (फाइल एक्सएमएलच्या बाहेर, आहे तशी जोडून पाठवायची पद्धत), पण समोरचा सर्व्हर घेतो का ते आधी विचारा.