गोखले इन्स्टिट्यूट, अंधेरीचा गोखले पूल, सिनेमातले गोखले: हे सगळे एकाच घराण्यातले का?

नाही. पण संस्था आणि पूल यांच्यामागचे गोखले मात्र एकच, नामदार गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५), भारत सेवक समाजाचे संस्थापक. पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूट १९३० साली त्यांच्या नावानं सुरू झालं, म्हणजे त्यांच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी. गंमत अशी की देणगी रावबहादूर काळ्यांची आणि पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. गोखले फक्त पाटीवर! कोलकात्यात त्यांच्याच नावाची मुलींची शाळा आहे आणि बंगळुरूत डी. व्ही. गुंडप्पांनी काढलेली संस्था. अंधेरीकरांना मात्र नामदारांची आठवण बहुधा ट्रॅफिकमध्येच येते. २०१८ साली त्या पुलाचा भाग रुळांवर कोसळला होता.

सिनेमातले गोखले वेगळे. कमलाबाई गोखले १९१३ च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये झळकल्या. बायका सिनेमात येतच नसत, तेव्हाची ही गोष्ट. त्यांचा मुलगा चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले. तीन पिढ्या अभिनयात.

त्याआधीचे बापू गोखले हे पेशव्यांचे सेनापती, १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत पडले. एकच आडनाव म्हणून यांना नामदारांचे पणजोबा समजू नका. आणि हो, परदेशात पाठदुखीवाल्यांना विचारलंत तर ते 'गोखले मेथड' सांगतील. ती बसण्या-उभं राहण्याची पद्धत, एस्थर गोखले यांची.