बंदूक घरात, किल्ली कुणाकडे?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. मी मुलुंडला राहते, वय ६७. मुलगी-जावई टेक्सासला डॅलसजवळ असतात, नातू सहा वर्षांचा, आत्ताच पहिलीत गेलाय. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, आजी आज आम्ही शाळेत लपायची प्रॅक्टिस केली, टीचर लाइट बंद करतात मग कोपऱ्यात बसायचं आणि खोकला आला तरी आवाज नाही करायचा. मी विचारलं कुणापासून लपायचं रे, तर म्हणे बॅड मॅन. मुलगी म्हणते आई तिकडे हे नॉर्मल आहे, तू टेन्शन घेऊ नको. मला चार दिवस झाले झोप नाहीये. हे लोक बंदुका बंद का करत नाहीत? आणि मी इथे बसून काय करू शकते?

उत्तर : काकू, तुमचं पत्र वाचून मीपण थोडा वेळ नुसती बसून राहिले. सहा वर्षांच्या मुलाला खोकला दाबायला शिकवावं लागतं, याला नॉर्मल म्हणायला माझीही जीभ वळत नाही. पण तुमच्या मुलीवर रागावू नका हं, तिला तिथे रोज सकाळी मुलाला शाळेत सोडायचंय, नॉर्मल म्हटल्याशिवाय तिचा पाय घरातून निघणार नाही.

आधी झोपेचं बोलू. शाळेतल्या गोळीबाराच्या बातम्या इतक्या भयंकर असतात की वाटतं तिथे प्रत्येक शाळेत हेच चाललंय, पण तसं नाहीये. अमेरिकेत जेवढ्या मुलांचे खून होतात त्यातले शंभरात तीनपेक्षाही कमी शाळेच्या आवारात होतात. म्हणजे तुमच्या नातवाच्या वर्गात असं काही होण्याची शक्यता खरंच फार फार कमी आहे, हे मी नुसतं समजूत घालायला सांगत नाहीये. पण याचीच दुसरी बाजू जास्त वाईट आहे. २०२० पासून तिथे एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण बंदूक आहे, गाडीच्या अपघातांपेक्षाही वर. आणि हे मृत्यू शाळेत कमी आणि घरात, रस्त्यावर, मित्राच्या बेडरूममध्ये जास्त, कुणी खेळताना चाप ओढला, कुणी परीक्षेनंतर स्वतःवरच झाडून घेतली. म्हणून भीती शाळेची वाटत असली तरी लक्ष घराकडे ठेवायचं.

आता बंद का करत नाहीत. त्यांच्या राज्यघटनेत १७९१ साली दुसरी दुरुस्ती झाली, शस्त्र बाळगायच्या हक्काची. तो हक्क सैन्यासारख्या तुकडीचा की एकेका माणसाचा, यावर बरीच वर्षं वाद चालला आणि २००८ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की माणसाचा, घरात स्वतःच्या रक्षणासाठी. त्यामुळे तिथे बंदूक हा आपल्यासारखा लायसन्सचा विषय नाही, हक्काचा विषय आहे, आणि हक्क म्हटला की माणसं किती हट्टाला पेटतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे १८७८ मध्ये ब्रिटिशांनी शस्त्र कायदा आणला, हिंदी माणसाला परवाना लागणार आणि गोऱ्याला माफ, पुढे काँग्रेसच्या अधिवेशनांत त्याविरुद्ध पुन्हा पुन्हा ठराव झाले होते. तेव्हा बंदुका धरून बसलेला प्रत्येक अमेरिकन माणूस वेडा आहे असं मी म्हणणार नाही. सरकारच्या हातात सगळं शस्त्र आणि आपल्या हातात काहीच नाही, ही भीती आपल्याही पणजोबांनी पाहिलीये.

पण आकडा बघा. तिथे लोकांच्या घरात अंदाजे ३९ कोटी ३० लाख बंदुका, म्हणजे शंभर माणसांमागे १२०. आपल्याकडे बेकायदा धरूनही शंभरामागे पाचेक. एवढा साठा एकदा घराघरात शिरल्यावर एका कायद्याने तो निघत नाही, हे तिथले कायद्याच्या बाजूचे लोकसुद्धा मानतात.

आणि दर वेळी मोठं काही झालं की आता तरी बदलेल असं वाटतं. १९९९ मध्ये कोलंबाइन शाळा, बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठ, ३२ माणसं, त्यात आपल्या मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीपण होती, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी आयांनी मुलांना फोन लावले होते. २०१२ मध्ये सँडी हूक शाळा, पहिलीतली वीस मुलं, सहा-सात वर्षांची, तुमच्या नातवाएवढीच, आणि सहा मोठी माणसं. मला तेव्हा मनापासून वाटलं होतं की आता हा देश थांबेल. नाही थांबला, केंद्रात बंदुकांच्या प्रदर्शनांत आणि इंटरनेटवर होणाऱ्या विक्रीलाही गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासणी लावायचा साधा प्रस्तावसुद्धा त्यांच्या संसदेत, सिनेटमध्ये पडला. मग २०२२ मध्ये तुमच्या मुलीच्याच राज्यात, उवाल्डे गावात १९ मुलं आणि दोन शिक्षिका. गोळ्या झाडणारा मुलगा नुकताच १८ पूर्ण झालेला, वाढदिवसानंतर त्याच आठवड्यात दोन रायफली रीतसर दुकानातून घेतलेल्या. त्यानंतर मात्र महिन्याभरात एक कायदा झाला, २१ वर्षांच्या आतल्या गिऱ्हाइकाची जास्त कसून तपासणी, आणि धोकादायक वाटणाऱ्या माणसाकडून कोर्टाच्या हुकमाने बंदूक तात्पुरती काढून घेणाऱ्या राज्यांना पैसे. छोटं आहे, पण जवळजवळ तीस वर्षांत पहिलंच.

तुम्ही काय करू शकता ते सांगते, आणि हे खरंच करा. मुलीला सांगा, नातू ज्या घरी खेळायला जातो त्या घरच्या आईला आधी विचारायचं, तुमच्या घरी बंदूक आहे का आणि असेल तर ती कुलपात आहे का. तिथले बालरोगतज्ज्ञच हे विचारायला सांगतात. मुलीला लाज वाटेल, वाटू दे. आपण नाही का विचारत, घरात कुत्रा आहे का, त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हं, तसंच. बंदूक रिकामी, कुलपात, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात, एवढंच उत्तर चालेल, बाकी कुठलंही उत्तर आलं तर मुलांना आपल्या घरी बोलवायचं.

मी हे इतकं अडून का सांगते तर आमच्या कोकणातल्या घरी ठासणीची बंदूक होती. शेतीच्या रक्षणाचा परवाना होता आजोबांकडे, रानडुकरं आणि वानरं फार, निवडणूक लागली की पोलीस स्टेशनात जमा करायची आणि नंतर परत आणायची, सगळं रीतसर. ती माळ्यावर असायची, आणि एकदा मे महिन्यात ती ठासलेलीच राहिली होती. माझा चुलतभाऊ अकरा वर्षांचा, माळ्यावर आंबे बघायला चढला आणि त्याने चाप ओढला. छरे कौलातून वर गेले म्हणून मी आज हे लिहितेय, कारण मी खाली शिडी धरून उभी होते. त्या दिवसानंतर बंदूक लाकडी पेटीत, पेटीला कुलूप आणि किल्ली आजीच्या कमरेच्या जुडग्यात. आजोबांनापण मागून घ्यावी लागायची.

प्रश्न : ताई, तुम्ही रागावाल पण स्पष्ट विचारतो. कायद्याने काय होतं? गुंडाला लायसन्स लागतं का? आपल्याकडे एवढा कडक कायदा तरी गावठी कट्टे मिळतातच ना. त्यापेक्षा शाळेत हत्यारबंद गार्ड ठेवा, शिक्षकांना ट्रेनिंग द्या, एक घटना होणार नाही. पवईला मुलांना कोंडलं तेव्हा पोलीस बंदूक घेऊनच आत गेले ना? – एक बाबा, बोरिवली

उत्तर : रागावले नाही दादा. पवईचा तो दिवस, ३० ऑक्टोबर २०२५, ऑडिशनला बोलावलेली सतरा मुलं स्टुडिओत आणि बाहेर त्यांचे आईबाप, मीपण टीव्हीसमोरून हलले नव्हते. पोलिसांनी मुलं बाहेर काढली, त्यांना सलामच. पण एक बघा, त्या माणसाच्या हातात एअरगन होती. त्याच्याकडे उवाल्डेसारखी रायफल असती तर पोलीस पोचायच्या आधीच काय झालं असतं, याचा विचार करा. आपल्याला बोलणी करायला, बाथरूमच्या बाजूने शिरायला वेळ मिळाला तो का मिळाला?

आता गार्ड. कोलंबाइनला हत्यारबंद पोलीस अधिकारी नेमलेला होता. २०१८ ला पार्कलँडच्या शाळेत होता, तो बाहेरच थांबला आणि आत १७ जणं गेली. उवाल्डेला तर पावणेचारशे पोलीस जमले होते आणि त्या वर्गाचं दार उघडून आत जायला ७७ मिनिटं लागली. ट्रेनिंग घेतलेल्या माणसांचं हे होतं, आणि तुम्ही म्हणता भूगोलाच्या बाईंना पिस्तूल द्या. मी वीस वर्षं शिकवलंय, साठ-साठ मुलांच्या वर्गात. माझी पर्स टेबलावर राहायची, डबा खायला गेले की खडू चोरीला जायचे. त्या वर्गात मी भरलेलं पिस्तूल घेऊन उभी राहायचं? मला नाही पटत, काही केल्या नाही पटत.

कट्ट्याचं तुमचं म्हणणं मात्र खोटं नाही, आपल्याकडचे बहुतेक गुन्हे बेकायदा हत्याराने होतात. पण मुलांच्या हातात बंदूक कुठून येते ते बघा. २००७ च्या डिसेंबरात गुरगावच्या एका शाळेत आठवीतल्या दोन मुलांनी वर्गमित्राला मारलं, पिस्तूल वडिलांचं. २०१८ मध्ये हरियाणात यमुनानगरला बारावीच्या मुलाने मुख्याध्यापिकेवर गोळ्या झाडल्या, रिव्हॉल्व्हर वडिलांचं, तेही लायसन्सचं. ही मुलं कुठे गुंडांकडे गेली होती? घरचं कपाट उघडलं, बस. अमेरिकेत सीक्रेट सर्व्हिसने, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं रक्षण करणाऱ्या सरकारी यंत्रणेने, २००२ मध्ये शाळेतल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला त्यातही हेच निघालं, तीनात दोन मुलांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून घेतली. म्हणून कायदा गुंडाला अडवतो का हा प्रश्न वेगळा आणि चौदा वर्षांच्या चिडलेल्या मुलाला अडवतो का हा वेगळा. दुसऱ्याचं उत्तर हो आहे.

ब्रिटनमध्ये १९९६ ला डनब्लेनच्या शाळेत १६ लहान मुलं आणि त्यांच्या बाई गेल्या, मारेकऱ्याची पिस्तुलं परवान्याची होती. पुढच्याच वर्षी तिथे खाजगी पिस्तूल जवळजवळ बंदच केलं, आणि शाळेत पुन्हा तसं झालेलं नाही. ऑस्ट्रेलियात त्याच वर्षी पोर्ट आर्थरला ३५ माणसं गेल्यावर बाराव्या दिवशी सगळ्या राज्यांनी मिळून करार केला आणि सरकारने साडेसहा लाखाच्या आसपास बंदुका लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या. कायदा म्हणजे जादू नव्हे, हेही सांगते. सर्बियात २०२३ च्या मे मध्ये तेरा वर्षांच्या मुलाने बेलग्रेडच्या शाळेत गोळीबार केला, दहा जीव गेले. बंदुका वडिलांच्या, तिजोरीत, कोड लावून. मुलाला कोड माहीत होता.

आपल्याकडे २१ वर्षं पूर्ण, कारण द्यायचं, पोलिसांची चौकशी, मुंबईत कमिशनर साहेबांकडून परवाना, २०१९ पासून एका माणसाला दोनच बंदुका. मला यात अजून एक हवंय, घरी येऊन बघणं. ज्या घरात शाळकरी मुलं आहेत तिथे परवाना रिन्यू करताना हवालदाराने येऊन विचारावं, साहेब बंदूक कुठे ठेवता दाखवा, आणि किल्ली कुणाकडे असते.

प्रश्न : मी परळच्या एका शाळेत शिकवते. नववीतला एक मुलगा, गप्प असतो, मुलं त्याला जाडीवरून चिडवतात. त्याच्या वहीत मागच्या पानावर वर्गाचा नकाशा काढलेला दिसला आणि काही बेंचवर फुल्या. विचारलं तर म्हणाला गेम आहे मिस. कळवलं तर मुलाचं आयुष्य खराब होईल का? नाही कळवलं तर मला झोप लागणार नाही.

उत्तर : आजच कळवा. उद्या नाही, आजच, पण पोलिसात नाही आधी, मुख्याध्यापक आणि काउन्सेलरना, आणि वही दाखवून.

२०२१ च्या ३० नोव्हेंबरला मिशिगनमध्ये ऑक्सफर्ड हायस्कूलला हेच झालं होतं. पंधरा वर्षांच्या मुलाच्या गणिताच्या कागदावर बाईंना बंदुकीचं चित्र दिसलं, बाजूला मदत करा अशा अर्थाचं लिहिलेलं. बाईंनी बरोबर केलं, कळवलं. शाळेने आईवडिलांना बोलावलं. चारच दिवसांपूर्वी वडिलांनी पिस्तूल घेतलेलं होतं, ते कुणी बोललं नाही. आईवडील कामावर जायचंय म्हणून मुलाला घरी न्यायला तयार झाले नाहीत, शाळेने दप्तर उघडून बघितलं नाही, आणि मुलगा वर्गात परत गेला. दप्तरात पिस्तूल होतं. चार मुलं गेली. २०२४ मध्ये कोर्टाने आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधात दोषी धरलं, दहा ते पंधरा वर्षं. मुलाने शाळेत केलेल्या अशा हत्याकांडासाठी आईबापांना धरायची अमेरिकेत ती पहिली वेळ. मी ही केस वाचली तेव्हा मला त्या दप्तराचं फार वाईट वाटलं, एक चेन उघडायची होती फक्त.

त्या सीक्रेट सर्व्हिसच्या अभ्यासातलं अजून एक, पाचातल्या चार हल्ल्यांत कुणाला तरी आधी माहीत होतं, बहुतेक वेळा बरोबरीच्याच मुलाला. म्हणजे मुलं बोलतात हो, ऐकणारं कुणीतरी लागतं.

तुमच्या मुलाकडे परळमध्ये बंदूक येणार नाही, बहुतेक. पण त्या फुल्या त्याने ज्यांच्या बेंचवर मारल्यात ती नावं बघा, चिडवणारी तीच असतील, आणि त्यांच्याशीही बोलावं लागेल. वर्गासमोर काही बोलू नका, दाखला देऊन काढून टाकायची भाषा तर कुणी करू नये, काढलेला मुलगा रागासकट घरी एकटा बसतो. आईला बोलवा, शांतपणे विचारा घरी हत्यार आहे का, कुणी पोलिसात, सिक्युरिटीत आहे का. आणि तोच जर स्वतःचं काही करून घेईन असं बोलला तर थांबू नका, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. मुलांसाठी १०९८ पण आहे. मला पुढच्या अंकाआधी लिहा काय झालं ते, मी वाट बघतेय.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा. दिवाळीला टिकल्यांचं पिस्तूल मागतोय. या सगळ्या बातम्या बघून घ्यावंसं वाटत नाही. – दादर

उत्तर : घ्या. टिकल्या फोडून कुणी खुनी होत नाही, आपण सगळ्यांनी फोडल्यात. जपानमधली मुलं मोबाईलवर गोळीबाराचे गेम कितीतरी खेळतात, पण तिथे घरात बंदूक जवळजवळ नसतेच. दोन गोष्टी शिकवा, कुणाच्या तोंडावर धरायचं नाही, आणि खरी कुठेही दिसली, गावाला मामाकडे, कुणाच्या गाडीत, तर हात न लावता तिथून निघायचं आणि पहिल्या मोठ्या माणसाला सांगायचं. टिकल्या फोडून झाल्या की हात धुवायला लावा.